नापास झालेल्यांची रांग

आमच्या हॅलम गावात रेव्हरंड सीफस वॉर्डलो यांच्याहून चांगला उपदेश करणारे निदान चार पाळक होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मिसिसिपीत आम्ही काळी माणसं पाळकाची पारख आवाजावरून करतो. आवाजानं बाकं हलली पाहिजेत, बायकांच्या हातातले पंखे थांबले पाहिजेत, एखाद्या तरी म्हातारीनं उठून टाळ्या पिटल्या पाहिजेत. रेव्हरंड वॉर्डलो बोलायचे ते भिंत बांधल्यासारखे. एक शब्द ठेवायचा, तो नीट बसला का बघायचं, मग दुसरा. चर्चमधल्या वयस्क बाईला आम्ही मदर म्हणतो, बाकीच्यांना सिस्टर. पुढच्या बाकावर बसणाऱ्या मदर पर्ली बॅस्किन त्यांना तोंडावर म्हणायच्या, "रेव्हरंड, तुमच्या दोन वाक्यांच्या मध्ये मी घरी जाऊन चुलीवरचं बघून येऊ शकते."

ते हसायचे. "मग या की जाऊन, मदर. परत याल तेव्हा मी तिथंच असेन."

भिंतीचं मी उगाच म्हणत नाही. सोमवार ते शनिवार ते गवंडीकाम करायचे. आमच्या लहानशा चर्चला पूर्ण वेळ पाळक पोसणं परवडणारं नव्हतं, आणि त्यांनाही हाताला काम नसलं की चैन पडायचं नाही. गावातल्या गोऱ्यांच्या निम्म्या घरांची धुराडी त्यांच्या हातची. शनिवारी संध्याकाळी नखांतलं सिमेंट काढायला त्यांची बायको व्हर्डेल त्यांना अर्धा तास खरवडायची, तरी रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडताना बोटांच्या भेगा पांढऱ्या दिसायच्याच.

मी आर्लीथा पेरीमन. माउंट हर्मन बॅप्टिस्ट चर्चची चिटणीस. सभांची टिपणं लिहायची, जन्म-लग्न-मृत्यू नोंदवायचे आणि रविवारी पियानो वाजवायचा, ही तिन्ही कामं माझीच. त्यामुळे पुढे जे झालं ते सगळं मी पाहिलं, आणि बरंचसं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

१९६१ च्या उन्हाळ्यात कोर्टाच्या इमारतीला मागून एक नवी खोली जोडायचं काम निघालं. वीटकाम रेव्हरंडांकडे आलं. ते जी भिंत चढवत होते, तिच्या शेजारीच मिस्टर ड्यूई क्रॅडॉक यांची खिडकी होती. मतदारांची नावं नोंदवायचं काम या क्रॅडॉककडे. उकाड्यामुळे खिडकी सताड उघडी असायची, आणि बाहेर विटा लावणाऱ्या काळ्या माणसाला कान असतात हे आत कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मिसिसिपीत तेव्हा मत द्यायला आधी परीक्षा द्यावी लागे. कारकून राज्यघटनेतलं एखादं कलम काढून द्यायचा. ते उतरवून घ्यायचं, त्याचा अर्थ लिहायचा, आणि अर्थ बरोबर की चूक हे कारकुनानंच ठरवायचं. गावात काळी माणसं निम्म्याहून जास्त, पण यादीत नाव एकाचंही नाही. आम्ही मनात धरून चाललो होतो की परीक्षा अवघड आहे आणि आपण कमी पडतो.

एका दुपारी एक गोरा तरुण आला. क्रॅडॉकनं त्याला एका ओळीचं कलम काढून दिलं.

"आता याचा अर्थ लिही."

"काय लिहू, मिस्टर ड्यूई?"

"लिही, हे बरोबर आहे."

त्यानं ते लिहिलं आणि पास झाला. मग दोघं बराच वेळ कॅटफिशला आमिष कोणतं लावावं यावर बोलत बसले.

बाहेर रेव्हरंडांच्या हातातली थापी तशीच राहिली. कालवलेला माल पाटीत सुकून दगड झाला. वीस वर्षांच्या गवंडीकामात त्यांचा माल फुकट गेला तो त्या एकाच दिवशी. घरी गेल्यावर ते व्हर्डेलला म्हणाले, "काम संपलं की मी नाव नोंदवायला जाणार."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मग निदान कशाला नाही म्हणाले ते तरी कळेल."

सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी रविवारचा काळा कोट घालून ते गेले. क्रॅडॉकनं मान वर केली. "काय रे सीफस, भिंत पडली की काय?"

"भिंत उभी आहे, साहेब. नाव नोंदवायला आलोय."

क्रॅडॉकनं राज्यघटनेचं पुस्तक घेतलं, पानं चाळली आणि रेल्वे कंपन्यांच्या करारांवरचं अर्ध्या पानाचं कलम काढलं. रेव्हरंडांनी ते उतरवलं. अर्थ लिहिला. दीड तास लागला, कारण लिहायचेही ते तसेच, एकेक शब्द ठेवत. क्रॅडॉकनं कागद घेतला आणि न वाचताच खणात टाकला.

"नापास."

"काय चुकलं, साहेब?"

"ते सांगायला मी बांधील नाही."

पुढचे सहा दिवस रेव्हरंड कुणाशीच याबद्दल बोलले नाहीत. व्हर्डेल मला नंतर म्हणाली, "जेवताना सुद्धा गप्प. मी म्हटलं, पोटात दुखतंय का? तर म्हणाले, नाही, पोटाच्या जरा वर."

रविवार आला. गाणी झाली, प्रार्थना झाली. ते व्यासपीठावर उभे राहिले, बायबल उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"सोमवारी मी कोर्टात गेलो होतो," ते म्हणाले. "मतदाराच्या परीक्षेला बसलो. मी नापास झालो."

बायकांच्या हातातले पंखे थांबले. आमच्या लोकांत पाळक म्हणजे सगळ्यात शिकलेला, सगळ्यात ताठ मानेचा माणूस. त्यानं रविवारच्या उपासनेत, मुलाबाळांसमोर, मी नापास झालो म्हणायचं? कुणी तरी मागून म्हणालं, "देवा रे."

"घरी गेलो तेव्हा लाज वाटली," रेव्हरंड पुढे म्हणाले. "व्हर्डेलच्या डोळ्याला डोळा देववेना. मग वाटलं, ही लाज मी एकट्यानं का वागवू? मंडळी कशासाठी आहे?"

तेव्हा डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून मिस इमोजीन ट्रॅमेल उठल्या.

मिस ट्रॅमेल आमच्या शाळेतल्या शिक्षिका. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला, रेव्हरंडांच्या तिन्ही मुलींनासुद्धा, अक्षर त्यांनी शिकवलेलं. उत्तरेत जाऊन मोठी पदवी घेऊन आलेल्या. हातमोजे न घालता त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मीही नापास झाले. चार वर्षांपूर्वी. आणि त्यानंतर आणखी दोनदा."

"मिस इमोजीन, तुम्ही?" मदर पर्लींच्या तोंडून निघून गेलं.

"मी. राज्यघटना मी शाळेत शिकवते, मदर. आणि मी नापास झाले. कुणाला सांगितलं नाही, कारण मुलं काय म्हणतील याची मला भीती होती."

मग मागून एक सुतार उठला. मग एक न्हावी. मग एक नर्स. एकेक जण उठून वर्ष सांगत होता, जसं काही साक्षच देत होता: त्रेपन्न साली. अठ्ठावन्न साली. दोनदा. मी पियानोच्या स्टुलावर बसले होते. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं. मी उठले आणि म्हणाले, "एकोणसाठ साली." माझा नवरा गायकांच्या ओळीतून माझ्याकडे बघतच राहिला. मग तो घसा खाकरून म्हणाला, "मीपण. साठ साली." सगळं चर्च हसलं, आणि हसता हसता कितीतरी लोक रडत होते.

एकूण सतरा जण उभे राहिले. सतरा जणांनी आपापल्या घरात हे एकट्यानं लपवून ठेवलं होतं.

रेव्हरंडांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मिस ट्रॅमेल नापास होत असतील," ते म्हणाले, "तर नापास आपण नाही. नापास ती परीक्षा आहे." त्या दिवशी त्यांनी दुसरा उपदेश केलाच नाही. मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात चांगला उपदेश तोच.

त्यानंतर मंगळवारी आणि गुरुवारी चर्चच्या तळघरात वर्ग भरू लागला. मिस ट्रॅमेल शिकवायच्या. दोनशे पंच्याऐंशी कलमं, एकेक करून. वर्गातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मदर पर्ली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतलेल्या, वय सत्त्याहत्तर, सही जेमतेम येणारी. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या आणि मिस ट्रॅमेलला दमात घ्यायच्या, "हळू जरा, बाई. मला मरायच्या आत शिकायचंय, पण आजच मरायचं नाहीये."

वहीची कल्पना रेव्हरंडांची. प्रत्येकानं कोर्टातून बाहेर आलं की तडक चर्चमध्ये यायचं आणि मला सांगायचं: कोणतं कलम दिलं, तुम्ही काय लिहिलं, साहेब काय म्हणाले, किती वाजता आत गेलात, किती वाजता बाहेर आलात. मी ते लिहून घ्यायचे आणि सांगणाऱ्यानं खाली सही करायची.

"हे कुणाला दाखवायचं, रेव्हरंड?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही, सिस्टर. पण विचारणारा कुणी आलाच तर आपण आठवत बसायला नको."

क्रॅडॉक नोंदणीची खिडकी फक्त महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी उघडायचा. पहिल्यांदा आम्ही तेवीस जण गेलो. पुरुषांच्या डोक्यावर हॅट, बायकांच्या अंगात खळ घातलेले रविवारचे कपडे. क्रॅडॉक दारात आला, रांगेकडे पाहून हसला. "पर्ली आंटी, तूसुद्धा? नापास व्हायला एवढं नटून आलीस?"

"होय साहेब," मदर पर्ली म्हणाल्या. "सराव केल्याशिवाय नापास तरी नीट कसं होता येईल?"

रांगेत हसू दाबताना माझ्या नवऱ्याला ठसका लागला. क्रॅडॉकचं हसू मात्र गेलं. त्या दिवशी त्यानं फक्त तिघांना आत घेतलं आणि तिघांनाही नापास केलं. आम्ही तिसऱ्या सोमवारी पुन्हा गेलो. मग पुढच्या महिन्यात. पावसात, थंडीत, सडक वितळवणाऱ्या उन्हात. रेव्हरंड दर वेळी रांगेच्या शेवटी. "मेंढपाळ पुढे चालतो ना?" कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "पुढून काय येतंय ते तुम्हाला दिसतं. मागून काय येतंय ते कुणीतरी बघायला हवं."

मागून येत होतंच. परीक्षेला बसलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापायला लागले, म्हणजे कुणाला कामावरून काढायचं हे मालकांना शोधावं लागू नये. रेव्हरंडांना वीटकाम देणारा गोरा ठेकेदार एके सकाळी त्यांच्या फाटकापाशी गाडीतूनच म्हणाला, "सीफस, तुझ्यासारखा गवंडी मला मिळणार नाही. पण आता यायचं नाही." त्रेसष्टच्या वसंतात मिस ट्रॅमेलना शाळेनं काढलं. सव्वीस वर्षांची नोकरी एका ओळीच्या चिठ्ठीनं संपली. त्या संध्याकाळी मंगळवारचा वर्ग होता. आम्हाला वाटलं, येणार नाहीत. त्या वेळेवर आल्या, हातमोजे काढून टेबलावर ठेवले, आणि म्हणाल्या, "आता दिवसाचाही वर्ग घेता येईल. कोण येणार?"

चर्चनं रेव्हरंडांना उपाशी राहू दिलं नाही. कोणाच्या परसातली कोलार्डची भाजी, कोणाकडचा मक्याचा पाव, कोणी तळलेला मासा कापडात गुंडाळून दारावर ठेवून जायचं. व्हर्डेल म्हणायची, "नोकरी गेल्यापासून यांचं पोट सुटलंय."

पण सगळेच त्यांच्या बाजूनं नव्हते, आणि हे सांगितलं नाही तर ही हकीकत खोटी होईल. डीकन ऑरिस स्टॉलवर्थ आमचे सगळ्यात जुने डीकन, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. बँकेत एकतीस वर्षं साफसफाई आणि दारावरचं काम करत होते. चर्चची पहिली भिंत उभी राहिली तेव्हा ते लहान वयात पाणी वाहत होते. शेजारच्या परगण्यात असेच वर्ग घेणारं एक चर्च रात्री कुणीतरी पेटवून दिलं, तेव्हा ते स्वतः जाऊन ती राख पाहून आले. परत आल्यावर त्यांनी मंडळीची सभा बोलावली. मागणी एकच: रेव्हरंडांनी पाळकपद सोडावं.

आम्हा बॅप्टिस्टांत पाळक वरून कुणी नेमत नाही. मंडळी मत देऊन त्याला बोलावते, आणि मत देऊनच त्याला जा म्हणू शकते. तिथे बँकेतल्या माणसाचं एक मत, धुणं धुणारीचंही एकच.

सभेला चर्च भरलं होतं. डीकन उभे राहिले. आवाज कापत होता, पण शब्द साफ होते. "रेव्हरंड, तुम्ही भला माणूस आहात. पण ही इमारत माझ्या बापानं बांधली. तुम्ही बारा वर्षांपूर्वी आलात. उद्या इथं राख झाली तर तुम्ही दुसरीकडे जाल. आम्ही कुठं जायचं?"

"दुसरीकडे जाणार नाही, डीकन. पण तुमचा प्रश्न खरा आहे," रेव्हरंड म्हणाले. "मत घेऊ. माझी एक विनंती आहे. हात वर करून नको. कागदावर घेऊ."

तोवर आमच्याकडे नेहमी हात वर करूनच मतं व्हायची. लोक कुजबुजायला लागले. रेव्हरंडांनी गायकांचे दोन झगे दोरीवर टांगून कोपऱ्यात आडोसा केला. मदर पर्लींच्या हॅटच्या डब्याला झाकणात फट पाडली. मी कागदाचे चौकोन कापले: 'राहावे' आणि 'जावे', पुढे एकेक चौकट.

"आत एकानंच जायचं," रेव्हरंड म्हणाले. "नवरा-बायकोनंसुद्धा वेगवेगळं. काय खूण केली ते कुणी कुणाला विचारायचं नाही. मला खूश करायला कुणी मत देऊ नका. मला वाईट वाटू नये म्हणूनही देऊ नका."

तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस काय करतोय. स्वतःचं पाळकपद पणाला लावून तो आम्हाला मत द्यायला शिकवत होता. नव्व्याण्णव माणसं एकेक करून त्या झग्यांच्या मागे गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकांतात, हातात पेन्सिल घेऊन, स्वतःच्या मनानं काही ठरवलं. बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

डीकन स्टॉलवर्थ आणि मी मिळून कागद मोजले. राहावे, एकसष्ट. जावे, अडतीस.

लोक टाळ्या वाजवायला लागले, तर रेव्हरंडांनी हात वर केला. "थांबा. या चर्चमध्ये अडतीस माणसांनी आपल्या पाळकाच्या समोर, त्याच्याच घरात, त्याच्याविरुद्ध मत दिलं. घाबरले नाहीत. मला त्या अडतीसांचा अभिमान आहे. असंच मत कोर्टात द्यायचंय आपल्याला." आणि त्यांनी डीकनसमोर हात पुढे केला. डीकननी तो हातात घेतला, पण मान वर केली नाही.

चार महिन्यांनी बँकेनं डीकननाही काढलं. ते एकदाही रांगेत उभे राहिले नव्हते. त्या चर्चचे डीकन, एवढंच कारण. पुढच्या सोमवारी आम्ही कोर्टासमोर उभे असताना ते कोपऱ्यावरून येताना दिसले. बँकेतला गणवेश नाही, लग्नातला निळा सूट. रेव्हरंड आपल्या शेवटच्या जागेवरून एक पाऊल मागे सरकले. डीकन त्या रिकाम्या जागेत येऊन उभे राहिले.

"किती वेळ लागतो हो?" त्यांनी विचारलं.

"नापास व्हायला?" रेव्हरंड म्हणाले. "ते झटपट होतं. उभं राहायला वेळ लागतो."

चौसष्ट साली वॉशिंग्टनहून दोन सरकारी वकील आले. हॅलममध्ये काळ्यांना मत नाकारतात असं त्यांनी ऐकलं होतं, पण पुरावा पाहिजे होता. रेव्हरंड त्यांना चर्चच्या तळघरात घेऊन आले आणि म्हणाले, "सिस्टर पेरीमन, वह्या दाखवा." तोवर वहीच्या वह्या झाल्या होत्या, चार. तारीख, वेळ, कलम, उत्तर, सही. तीनशे अठ्ठेचाळीस वेळा नापास. त्यातला तरुण वकील पानं उलटता उलटता खुर्चीत बसला. मग मला म्हणाला, "मॅडम, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं मी," मी म्हटलं. "सोसलं सगळ्यांनी."

सरकारनं क्रॅडॉकवर खटला भरला आणि त्यात मला साक्षीला बोलावलं. मी पियानो वाजवते तशी ताठ बसले आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पान उघडून दिलं. मिस ट्रॅमेलनी त्यांना आलेली तिन्ही कलमं न्यायाधीशांसमोर तोंडपाठ म्हणून दाखवली आणि अर्थही सांगितला. शेवटी त्याच तरुण वकिलानं क्रॅडॉकच्या हातात रेल्वे कंपन्यांचं ते कलम दिलं. "मिस्टर क्रॅडॉक, रेव्हरंड वॉर्डलो यांना तुम्ही यात नापास केलंत. आम्हाला याचा अर्थ सांगाल?"

क्रॅडॉकनं ते दोनदा वाचलं. कपाळ पुसलं. "हे जरा कायद्याचं आहे," तो म्हणाला. "वकिलाला विचारावं लागेल."

मागच्या बाकांवर आम्ही सत्तर-ऐंशी जण होतो. कुणी हसलं नाही. रेव्हरंडांनी आधीच बजावून ठेवलं होतं. पण माझ्या शेजारी मदर पर्लींचं सगळं अंग गदगदत होतं आणि त्यांनी पंखा तोंडावर धरला होता.

निकाल रेंगाळला, अपिलं झाली. मग पासष्टच्या ऑगस्टमध्ये देशाचा नवा कायदा झाला, परीक्षा गेली, आणि थोड्याच दिवसांत सरकारनं बाहेरचा एक अधिकारी पाठवला. त्यानं पोस्टाच्या इमारतीत टेबल मांडलं. सकाळी सातला रांग वळसा घालून कापसाच्या गोदामापर्यंत गेली होती. पुढे कोणी उभं राहायचं यावर वाद झालाच नाही. मदर पर्ली. तेव्हा त्यांना एक्याऐंशी वर्षं झाली होती. डोक्यावर जांभळी हॅट, एका हातात काठी.

अधिकारी गोरा, तरुण, घामानं भिजलेला. पहिल्या येणाऱ्या बाईंचं आडनाव मिस ट्रॅमेलनी त्याला आधीच सांगितलं होतं. म्हणाला, "पूर्ण नाव सांगा, मिसेस बॅस्किन."

मदरनी डोक्यावरची हॅट नीट केली. कुठल्याही गोऱ्या माणसानं त्यांना मिसेस म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नाव सांगितलं. पत्ता सांगितला. त्यानं कागद पुढे केला. "इथं सही करा. झालं."

"झालं म्हणजे?" मदर म्हणाल्या. "कलम कोणतं?"

"कलम नाही, मॅडम. परीक्षा बंद झाली."

"बंद झाली?" त्यांनी मागे वळून मिस ट्रॅमेलकडे पाहिलं. "अहो, चार वर्षं मी अभ्यास केलाय! ते काही नाही. विचारा मला."

रांगेतून आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. त्या मुलानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि उठून उभा राहिला. "तुम्हाला कोणतं आवडतं ते सांगा, मॅडम."

मदर पर्ली बॅस्किननी काठी सरळ केली आणि रेल्वे कंपन्यांचं कलम म्हटलं. एक शब्द न गाळता. मग त्याचा अर्थ सांगितला, तोही असा की आमच्यातल्या प्रत्येकाला समजला. तो अधिकारी सबंध वेळ उभा होता. त्यांचं झाल्यावर तो म्हणाला, "पास, मिसेस बॅस्किन." तेव्हा जो आवाज उठला तो नदीपलीकडे ऐकू गेला असणार. आणि त्यांनी सही केली, पाच मिनिटं लावून, सगळी अक्षरं ओळीवर.

रेव्हरंड वॉर्डलो यांची पाळी दुपारी चारला आली. त्यांच्या आधी दोनशे सहा लोक झाले होते. मी त्यांच्या पुढेच होते, म्हणून मला दिसलं. सही करताना त्यांचा हात स्थिर होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

त्यानंतर त्यांना पुष्कळ जणांनी निवडणुकीला उभं राहा म्हणून गळ घातली. ते म्हणाले, "माझी भाषणं तुम्ही ऐकली आहेत ना?" एकोणसत्तर साली नगरपालिकेवर आमचा पहिला माणूस निवडून गेला तो डीकन ऑरिस स्टॉलवर्थ. रेव्हरंड त्यांच्यासाठी दारोदार हिंडले. मिस ट्रॅमेलना शाळेनं परत घेतलं, या वेळी मुख्याध्यापिका म्हणून, आणि त्यांच्या वर्गात मग गोरी मुलंही आली.

आमच्या वस्तीतून एक उघडा नाला वाहायचा. डासांचा आणि तापाचा. रेव्हरंड मग त्या नाल्याच्या मागे लागले. दर महिन्याला नगरपालिकेच्या सभेला जायचे, उठून एकच वाक्य म्हणायचे, "नाल्याचं काय झालं?" आणि बसायचे. पाच वर्षं. डीकन कपाळावर हात मारून घ्यायचे. शहात्तर साली त्यांच्या पंचविसाव्या वर्षाच्या समारंभात महापौरांनी जाहीर केलं की नाल्याकाठच्या रस्त्याला रेव्हरंड वॉर्डलो यांचं नाव द्यायचा विचार आहे. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. रेव्हरंड बसूनच राहिले.

"आधी नाला झाका," ते म्हणाले. "उघड्या गटाराला माझं नाव देऊन तुम्ही माझा सत्कार करताय की सूड घेताय, ते मला कळेना."

हसून हसून महापौरांचा चष्मा खाली पडला. नाला त्याच वर्षी झाकला. पाटी लागली ती मात्र ते गेल्यावर, ऐंशी साली. त्यांच्या शवपेटीमागे चालणाऱ्या माणसांमुळे मुख्य रस्ता दोन तास बंद होता, आणि तो बंद ठेवायला चौकात उभा होता तो आमच्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेला पोलीस. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती, आणि ती सगळी मिरवणूक पुढे निघून जाईपर्यंत त्यानं ती डोक्यावर ठेवली नाही.